आधी माती, मग अझेलिया

हिवाळा ओसरू लागला की मोठ्या शहरांतल्या नर्सऱ्यांच्या दर्शनी भागात अझेलियाच्या कुंड्या येऊन बसतात. पान दिसू नये इतकी फुले; गुलाबी, शेंदरी, किरमिजी, पांढरी, काहींच्या पाकळ्यांना वेगळ्या रंगाची किनार. गिऱ्हाईक रंग पसंत करते, भाव ठरवते आणि कुंडी उचलते. अर्ध्या सावलीत ठेवा, पाणी रोज द्या, एवढे सांगून व्यवहार संपतो. पुढच्या पावसाळ्यापर्यंत पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या उरतात, कडा करपतात. मग घरातली माणसे स्वतःलाच दोष देत बसतात. पाणी जास्त झाले असेल, खत कमी पडले असेल, आपल्या हाताला यशच नाही. माझ्या मते बहुतेक वेळा यात हाताचा दोष नसतो. अझेलियाचे पुढे काय होणार हे ती घरी येण्याआधीच बरेचसे ठरलेले असते. ते ठरवतात मातीचा सामू (पीएच), पाण्यातला चुना आणि हिवाळ्यातल्या रात्री. यांपैकी कशाचीही चौकशी न करता केवळ फुलाच्या रंगावरून झुडूप निवडण्याची सवय आपल्या बागप्रेमाला जडली आहे. ती मोडायला हवी. आणि त्यासाठी अझेलियाइतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही.

अझेलिया म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने रोडोडेंड्रॉनच. लिनियसने १७५३ मध्ये दोन वेगळ्या प्रजाती मानल्या होत्या, पण एकोणिसाव्या शतकातच अझेलियाला रोडोडेंड्रॉनमध्ये सामावून घेतले गेले. हिमालयात वसंतात लाल होणारा बुरांस याच प्रजातीतला. या सगळ्या गोतावळ्याची मुळे विलक्षण बारीक, केसासारखी असतात. इतर झाडांच्या मुळांवर जे सूक्ष्म मूळरोम असतात ते यांना नसतात. त्यांची उणीव एक बुरशी भरून काढते. ती मुळांच्या पेशींत वस्ती करते आणि कुजत्या पालापाचोळ्यातले नत्र झाडाला मिळवून देते. त्यामुळे ही मुळे खोल जात नाहीत. जंगलातल्या मऊ, आम्लधर्मी, हवेशीर पाचोळ्याच्या थरातच ती पसरतात. अझेलियाला मातीचा सामू साधारण साडेचार ते सहा लागतो. सात म्हणजे उदासीन आणि आठ म्हणजे त्याहून जरासा वर, असे वाटणे साहजिक आहे, पण सामूची मोजपट्टी दहापटीची असते. सामू पाच असलेली माती आठ सामूच्या मातीपेक्षा हजारपट आम्ल असते. चुनखडीच्या मातीत लोह भरपूर असले तरी ते विरघळत नाही, म्हणून मुळांच्या हाती लागत नाही. ताट भरलेले असून झाड उपाशी राहते. आपल्या शेतकऱ्याला हे नवे नाही. चुनखडीच्या जमिनीत उसावर केवडा पडतो, पाने पिवळीपांढरी होतात, मग हिराकस फवारावे लागते. ऊस हे काटक पीक आहे, त्यातून ते सावरते. अझेलियाकडे तेवढा काटकपणा नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न किती गुंतागुंतीचा आहे ते समजण्यासाठी आपल्या पायाखालचा खडक पाहायला हवा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार बनले. हा काळा बेसाल्ट महाबळेश्वरला आहे तसाच सोलापूरलाही आहे. तरी दोन्हीकडची माती एकमेकींना ओळख देणार नाही इतकी वेगळी आहे, आणि ती वेगळी केली ती पावसाने. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. इतक्या पाण्याखाली लाखो वर्षे भिजलेल्या खडकातले चुना, सोडियम, मॅग्नेशियम धुऊन गेले आणि मागे लोह व अॅल्युमिनियमने भरलेला तांबडा, आम्लधर्मी जांभा उरला. तिथून घाट उतरून तीसेक किलोमीटरवर वाईला आले की पाऊस जेमतेम साताठशे मिलिमीटरवर येतो. सोलापूरकडेही तसेच. तिथे खडकातला चुना धुऊन जायला पाणीच पुरत नाही. तो जमिनीतच राहतो, वरून खाली झिरपतो, उन्हाळ्यात पुन्हा वर येतो आणि पांढऱ्या खड्यांच्या रूपात साठतो. काळी भारी जमीन, उन्हाळ्यात भेगाळणारी, पावसात फुगणारी, सामू साडेसात ते साडेआठ. पुण्याच्या पूर्वेपासून मराठवाडा-विदर्भापर्यंत घरामागच्या परसात बहुधा हीच माती असते, किंवा बांधकामावेळी टाकलेला मुरूम आणि सिमेंटचा राडारोडा. सिमेंटमध्येही चुनाच. एकाच खडकापासून दोन माती झाल्या आणि अझेलियाला त्यांतली एकच मानवते. हे एकदा ध्यानात आले, की रंगाच्या आधी कोणता प्रश्न विचारायचा हे वेगळे सांगावे लागत नाही.

अझेलियाची खरी परंपरा पाहिली तर तिची माणसे हा प्रश्न शतकानुशतके विचारत आली आहेत. जपानमध्ये एदो काळात, १६९२ मध्ये, इतो इहेई या रोपवाटिका चालवणाऱ्या माणसाने अझेलियाच्या तीनशेहून अधिक प्रकारांचे चित्रांसह वर्णन करणारा ग्रंथ काढला. यावरून तेव्हाच हा छंद किती पुढे गेला होता ते कळते. क्युशू बेटावरच्या ज्वालामुखींच्या उतारांवर रानटी अझेलिया दाट गालिच्यासारख्या वाढतात. तिथलीही माती ज्वालामुखीचीच, पण भरपूर पावसाने धुतलेली आणि आम्ल. त्या रानटी झुडपांच्या संकरांतून एकोणिसाव्या शतकात कुरुमे गावी छोट्या फुलांच्या, ठेंगण्या जाती निपजल्या. त्या १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात झळकल्या. अर्नेस्ट विल्सन हा वनस्पती-संग्राहक १९१८ मध्ये खुद्द कुरुमेला गेला, पन्नास जाती निवडल्या आणि त्या अमेरिकेला नेल्या. आजच्या अनेक घरगुती अझेलियांच्या वंशात या कुरुमे जाती आहेत. त्याहून बोलका पुरावा सात्सुकी जातींचा आहे. जपानी लोक सात्सुकी अझेलियाचे बोन्साय करतात, म्हणजे उथळ कुंडीत, दशकानुदशके. त्यासाठी ते मिळेल ती माती भरत नाहीत. तोचिगी प्रांतातल्या कानुमा भागात खणून काढलेली पिवळसर, सच्छिद्र, आम्लधर्मी ज्वालामुखीय माती भरतात. ती ‘कानुमा’ याच नावाने विकली जाते. जगात कुंडीतली अझेलिया ज्यांनी सर्वांत उत्तम साधली, त्यांनी खताच्या आधी मातीवर इतका विचार केला आहे. आपण मात्र तिला लाल माती, थोडे शेणखत आणि बोअरवेलचे पाणी देऊन तिने फुलावे अशी अपेक्षा करतो.

हा मातीचा नियम किती काटेकोर आहे हे अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात जवळजवळ प्रयोगशाळेसारखे पाहायला मिळते, आणि तिथे मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असल्याने ते इथेही सांगण्याजोगे आहे. डॅलस शहर ज्या पट्ट्यावर वसले आहे तिथली काळी चिकणमाती आणि आपली काळी कापसाची जमीन एकाच गटातल्या आहेत. मृदाशास्त्रात त्यांना व्हर्टिसॉल म्हणतात. खाली चुनखडक, उन्हाळ्यात भेगा, पावसात फुगणे, सामू आठच्या आसपास. डॅलसच्या उपनगरात अंगणातल्या मातीत थेट खड्डा खणून लावलेली अझेलिया पिवळी पडते, अगदी जशी ती बारामतीला पडेल. डॅलसहून दीडशेक किलोमीटर पूर्वेला टायलर नावाचे गाव आहे. तिथली माती वालुकामय, तांबूस आणि आम्ल. टायलरमध्ये घरोघरी अझेलियांचे कुंपणच असते. १९६० पासून दर वसंतात तिथे अझेलियाची वाट लोकांना पाहण्यासाठी खुली केली जाते. दोन्ही गावांचा उन्हाळा तापदायक, हिवाळा साधारण सारखाच, नर्सऱ्यांत मिळणाऱ्या जाती त्याच. मुख्य फरक मातीचा, आणि तिच्यामागे थोड्या जास्त पावसाचा. यावर कोणी म्हणेल, डॅलसच्या प्रसिद्ध सार्वजनिक उद्यानात तर अझेलियांचे भलेमोठे ताटवे फुलतात, त्याचे काय? ते खरे आहे. पण तिकडच्या काळ्या मातीत अझेलिया जगवायची म्हणजे मूळच्या जमिनीवर उंच गादीवाफे उभारायचे, त्यांत पीट आणि पाइनच्या सालींचे मिश्रण भरायचे, ते खचले की पुन्हा भरायचे आणि पाण्याचा सामू सांभाळायचा. म्हणजे त्या ताटव्यांतली अझेलिया डॅलसच्या मातीत वाढतच नाही. मोठ्या संस्थेला हा खर्च झेपतो. तीन गुंठ्यांच्या बंगल्याने तो कशासाठी करावा?

इथे पहिला आणि सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप येतो: माती आम्ल करता येते की, गंधक घाला, तुरटी घाला, चहाचा चोथा घाला. या सल्ल्याला हिशेबाने उत्तर देणे बरे. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक फूट खोल एवढी माती धरली तर तिचे वजन चारशे किलोच्या घरात जाते. काळ्या जमिनीत पाच टक्के मुक्त चुनखडी असणे हे काही अपवादात्मक नाही. म्हणजे त्या चौकोनात वीस किलो चुना. रसायनशास्त्राच्या सरळ हिशेबाने शंभर भाग चुनखडी निष्प्रभ करायला बत्तीस भाग गंधक लागते. म्हणजे या चौकोनासाठी जवळपास साडेसहा किलो. एवढे गंधक एका झुडपाच्या खड्ड्यात ओतणे म्हणजे त्याची मुळे जाळणेच आहे. ते हळूहळू, वर्षानुवर्षे घातले तरी त्यातून केवळ चुना संपेल. सामू खाली येण्याचे काम त्यानंतर सुरू होईल. दरम्यान बाजूची आणि खालची माती नवा चुना पुरवत राहील. चहाचा चोथा, कॉफीचा चोथा, व्हिनेगरचे पाणी यांचा परिणाम तर दोन-चार दिवसांत विरून जातो. मूठभर गंधक जिथे उपयोगी पडते ती माती मुळातच सहा-साडेसहा सामूची, चुनखडी नसलेली असते. आपली माती कोणत्या प्रकारची हे ओळखायला प्रयोगशाळाही लागत नाही. वाळलेल्या मातीच्या ढेकळावर चमचाभर व्हिनेगर टाकावे. फसफसले तर तिथे अझेलियाचा विषय संपला. फसफसले नाही तर माती परीक्षण करून घ्यावे. कृषी विज्ञान केंद्रांतून आणि खासगी प्रयोगशाळांतून ते होते. २०१५ पासून शेतकऱ्यांना मृदा आरोग्य पत्रिका मिळू लागल्या, त्यांत सामू हा रकाना असतोच. शहरातल्या बागवाल्याने मात्र आपल्या मातीचा हा साधा आकडा माहीत करून घेण्याची गरजच मानली नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि त्यातले काही मला मान्यही आहे. परस नको, कुंडी घ्या. कोकोपीट, पानखत, पाइनची साल किंवा भाताचा तूस यांचे आम्लसर मिश्रण भरा, मग जमीन काळी असो की पांढरी. कुंडीत माती आपल्या हाती असते हे खरे. पण पाणी नसते. बेसाल्टमधून येणाऱ्या बोअरवेलच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतात. बादलीच्या तळाला आणि कुंडीच्या बाहेरच्या बाजूला जो पांढरा थर धरतो, तोच प्रत्येक पाण्याबरोबर मुळांशीही साचतो. पाच सामूचे मिश्रण भरलेली कुंडी अशा पाण्यावर काही महिन्यांत सातच्या वर जाते. धरणातून येणारे नळाचे पाणी त्या मानाने मऊ असते. ज्यांच्याकडे ते वर्षभर येते त्यांचे काम सोपे. पण शहरांच्या वाढत्या उपनगरांत निम्मे वर्ष टँकर आणि बोअरवेलवर जाते, आणि चुनकट पाण्याचा प्रश्न केवळ आपलाच नाही. लंडनमध्येही अझेलिया वाढवणाऱ्यांना नळाऐवजी पावसाचे पाणी वापरण्याचा सल्ला दिला जातो. घरातल्या आरओचे टाकाऊ पाणी झाडांना घालण्याची पद्धत अलीकडे रुळली आहे. पाणी वाचवण्याची ती इच्छा चांगली आहे, पण त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात आणि अझेलियाला ते घालू नये. याउलट एसीतून ठिबकणारे पाणी जवळजवळ क्षारमुक्त असते. छतावरचे पावसाचे पाणी साठवता आले तर त्याहून उत्तम. कोकोपीटही वापरण्याआधी दोन-तीनदा धुवावे, कारण नारळाच्या काथ्यात मीठ असू शकते. हे सगळे करायची ज्याची तयारी आहे त्याने कुंडीत अझेलिया जरूर वाढवावी. ती तयारी म्हणजे खत घालण्याइतकी हलकी गोष्ट नाही, एवढेच आधी माहीत असावे. परदेशातून आणलेल्या पीटच्या पोत्यांवर मात्र हा छंद उभा राहू नये. उत्तरेकडच्या दलदलींत पीट वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर साठते आणि त्यात प्रचंड कार्बन अडकलेला असतो.

माती आणि पाणी जमले तरी रात्रींचा प्रश्न उरतो. अझेलियाच्या कळ्या उन्हाळ्यात धरतात आणि मग थांबतात. पुढे उमलण्यासाठी बहुतेक जातींना साधारण सहा आठवडे दहा अंशांच्या आसपासची किंवा त्याखालची थंडी लागते. फुलांच्या बाजारासाठी कुंड्या तयार करणारे लोक त्यासाठी शीतगृह वापरतात, मग झाड उबेत आणले की ते हव्या त्या तारखेला एकदम फुलते. बेल्जियममधल्या गेंट शहराच्या परिसराने हा व्यवसाय दोन शतके जोपासला आणि २०१० मध्ये ‘गेंटची अझेलिया’ या नावाला युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकनही मिळाले. नर्सरीत दिसणारे ते पानही न दिसू देणारे फुलणे बऱ्याचदा अशा तयारीचे फळ असते. ते पाहून आपल्या गच्चीवरही दरवर्षी असेच फुलेल असे समजणे चुकीचे. मुंबईत, पणजीत, रत्नागिरीत तशा रात्री येतच नाहीत. पुण्या-नाशिकला डिसेंबर-जानेवारीत काही रात्री येतात, पण दिवस अठ्ठावीस-तीस अंशांचे असतात आणि एप्रिलमध्ये पारा चाळिशीकडे जातो. म्हणूनच कोकण आणि गोव्याचा जांभा आम्ल असूनही तिथे अझेलिया ही फारशी भरवशाची निवड ठरत नाही. माती होय म्हणते, हवा नाही म्हणते. फुललेली कुंडी गुच्छासारखी विकत घ्यावी, महिनाभर पाहावी आणि पुढची अपेक्षा ठेवू नये, हा सरळ मार्गही आहे. त्यात काही वावगे नाही, फक्त तो फुलांचा खर्च आहे हे समजून करावा, झाडाचा नव्हे.

आता तिसरा आक्षेप. परदेशी झाडांना नाके मुरडत राहिलो असतो तर आपल्या बागेत काय उरले असते? झेंडू आणि चाफा अमेरिका खंडातून आले, गुलमोहर मादागास्करचा, बोगनवेल ब्राझीलची. आक्षेप रास्त आहे, पण तो माझ्या म्हणण्याला लागू होत नाही. मूळ देश कोणता हा माझा प्रश्नच नाही. बोगनवेल आपल्याकडे रुजली कारण तिला आपली ऊन-कोरडी, चुनकट जमीन चालते. झेंडूला भारी जमीन आणि हलकी जमीन दोन्ही मानवतात. उलट इक्झोरा दक्षिण भारत आणि सह्याद्रीच्या पट्ट्यातली, म्हणजे अगदी आपली. तरी पुण्याच्या पूर्वेकडच्या सोसायट्यांत तिची पाने पिवळी पडलेली दिसतात, कारण तिलाही आम्ल मातीच हवी. देशी की विदेशी या वादात आपण बराच वेळ घालवतो. झाडाला त्याने काही फरक पडत नाही. पठारावरच्या बागेला वसंतात रंग हवा असेल तर धायटी आहे. सह्याद्रीच्या उघड्या, खडकाळ उतारांवर फेब्रुवारीपासून तिच्या लालभडक फुलांनी फांद्या झाकून जातात, मधमाश्या आणि सूर्यपक्षी तिच्यावर तुटून पडतात. नर्सऱ्यांनी तिच्याकडे अजून पुरेसे पाहिलेले नाही याचे मला मनापासून वाईट वाटते. कण्हेर, बोगनवेल, तगर, जास्वंद ही जुनी मंडळी तर आहेतच.

जिथे अझेलिया खरोखर शोभते तिथे ती लावू नये असे मात्र मी म्हणत नाही, उलट तिथे ती मनमोकळेपणाने लावावी. दार्जिलिंग, कालिम्पाँग, गंगटोक, शिलाँगच्या अंगणांत ती सहज फुलते, कारण तिथे पाऊस, आम्ल माती आणि गार रात्री या तिन्ही आहेत. महाराष्ट्रात सह्याद्रीच्या माथ्यावरचा महाबळेश्वरचा टापू त्याच्या सर्वांत जवळ जातो. माती जांभ्याची, आणि वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे दवबिंदू गोठण्याइतकी थंडी. तिथल्या बंगल्यांनी प्रयोग करायला हरकत नाही. अडचण एवढीच की पावसाळ्यानंतरचे आठ महिने कोरडे जातात, आणि उथळ मुळांना तेव्हा पाणी व पाल्याचे जाड आच्छादन दोन्ही द्यावे लागते. आणि न्यूजर्सी, व्हर्जिनिया, कॅरोलिना, सिअॅटल इथल्या मराठी घरांसाठी तर अझेलिया ही उत्तम निवड आहे. तिथे प्रश्न लावावी की नाही हा नसून कोणती लावावी हा आहे. बी. वाय. मॉरिसन यांनी मेरीलँडमधल्या ग्लेन डेल इथे अमेरिकी कृषी खात्यासाठी ४५४ संकरित जाती तयार केल्या, त्यामागचा हेतूच हा होता की दक्षिणेकडच्या मोठ्या फुलांच्या अझेलियांचे वैभव वॉशिंग्टनच्या परिसरातल्या थंडीत टिकावे. रॉबिन हिल गटातल्या जाती तर न्यूजर्सीच्या वायकॉफ गावातच निपजल्या. म्हणजे तिकडे जागेनुसार जात घडवण्याचे काम लोकांनी आयुष्यभर केले आहे, आपण फक्त त्याचा लाभ घ्यायचा आहे. तरी तिथेही चुका त्याच होतात. ‘फॉर्मोसा’सारखी आठ-दहा फूट वाढणारी जात खिडकीखाली लावली जाते आणि मग दर शरद ऋतूत कात्रीने तिचा चौकोन केला जातो. पुढच्या वसंताच्या कळ्या तोवर फांदीवर धरलेल्या असतात, त्या कात्रीबरोबर जातात. छाटणी करायचीच तर फुले गळून पडल्यावर लगेच करावी. त्याहून बरे म्हणजे वाढून चार फूटच होणारी जात निवडावी. रोप लावताना मुळांचा गड्डा जमिनीच्या पातळीपेक्षा बोटभर वर राहावा. आपल्याकडच्या सवयीने खोल आळे करून त्यात लावलेली अझेलिया भारी मातीत गुदमरते आणि मुळे कुजवणाऱ्या बुरशीला बळी पडते. भर दुपारच्या उन्हात लावली तर पानांचा रस शोषणारे जाळीदार पंखांचे ढेकूण तिच्यावर जास्त येतात. सकाळचे ऊन आणि दुपारची झाडाची सावली ही तिची जागा. आणि तिची पाने, फुले, मध हे सगळे विषारी आहे, हे लहान मुले, शेळ्या, कुत्री असलेल्या घरांनी लक्षात ठेवावे. ख्रिस्तपूर्व ४०१ च्या सुमारास काळ्या समुद्राकाठी या गोतावळ्यातल्या फुलांचा मध खाऊन ग्रीक सेनानी झेनोफॉनचे सैनिक आजारी पडल्याची नोंद आहे. कण्हेरही विषारीच, आणि ती आपण पिढ्यानपिढ्या जपून लावत आलो. तसेच इथेही.

राहता राहिली विकणाऱ्यांची बाजू. बियाण्याच्या पाकिटावर पेरणीचा काळ, उगवणशक्ती, वाण हे छापलेले असते, आणि शेतकरी ते वाचल्याशिवाय पाकीट घेत नाही. शंभर रुपयांपासून हजारापर्यंत किमतीच्या शोभेच्या रोपावर मात्र बहुतेक वेळा किमतीपलीकडे काहीच लिहिलेले नसते. जातीचे नाव असलेच तर तेही अनेकदा नुसते ‘अझेलिया’. नर्सरीवाल्यांनी एवढे तरी लिहावे: जातीचे नाव, पूर्ण वाढीची उंची, सामूची मर्यादा, चुनकट पाणी चालते की नाही आणि किती थंडी लागते. हे मागणे अवास्तव नाही, कारण रोप तयार करणाऱ्याला हे सगळे ठाऊक असते, नाहीतर त्याला ते तयार करताच आले नसते. चिठ्ठी पाहून काही गिऱ्हाइके परत जातील, हा धंद्याचा आक्षेप मला समजतो. पण जे रोप वर्षभरात मरणार आहे ते विकून मिळवलेला माणूस दुसऱ्या वर्षी झाडेच घेईनासा होतो, आणि तो तोटा मोठा आहे. पुण्यात एम्प्रेस गार्डनला दर जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरते, इतर शहरांतही भरतात. अशा ठिकाणी हजारो लोक रोपे विकत घेतात. तिथे फुलांच्या मांडवाशेजारी माती तपासण्याचे एक टेबल ठेवता येईल. लोकांनी घरून पिशवीत मूठभर वाळकी माती आणि बाटलीभर आपल्या नळाचे पाणी आणावे, कृषी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी सामू आणि पाण्यातला चुना मोजून चिठ्ठीवर लिहून द्यावा, आणि ती चिठ्ठी हातात घेऊन माणसाने रोपे पाहायला जावे.